जमीन किती हलली, हे कोणाला विचारायचं?

"चार पॉइंट पाच," भाचीने मोबाइल पुढे केला.

"हे कुठलं?" मामांनी विचारलं. "हिंगोलीचं, का आपल्या घरातलं?"

मार्च २०२४ मधली सकाळ होती. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाने नांदेड आणि परभणीलाही जाग आणली होती. मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले, नांदेडला स्थायिक. १९९३ च्या ऑक्टोबरात त्यांची ड्यूटी औसा तालुक्यात पंचनाम्यांवर लागली होती. भाची पुण्यात इमारतींच्या भूकंपरोधक रचनेचं काम करते आणि चार दिवसांसाठी आजोळी आलेली. मामांचा प्रश्न तिला आधी भाबडा वाटला.

"भूकंपाचं, मामा. भूकंप एक, आकडा एक."

"मग तुझी मामी अंगणात पळाली आणि माडीवरच्या पोराला जागही आली नाही, ते कशात मोजायचं? त्या हिंगोलीच्या खेड्यात भांडी पडली असतील, लातुरात कोणाला कळलंही नसेल. सगळ्यांना चार पॉइंट पाचच?"

प्रश्न भाबडा नव्हता. भूकंपाला दोन वेगळी मापं लागतात आणि बातमीत बहुतेक वेळा त्यांतलं एकच येतं. पहिलं माप मॅग्निट्यूड. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ते बसवलं. भूकंपलेखी यंत्राच्या कागदावर उमटलेल्या लाटेची उंची घ्यायची, अंतराचा हिशोब करायचा आणि भूकंप मुळात किती मोठा होता ते काढायचं. मोठ्या भूकंपांना ते अपुरं पडू लागलं, तेव्हा १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं. खडकाची भेग किती लांबरुंद फाटली आणि किती सरकली यावर ते उभं आहे. त्यात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. हे सगळं भूकंपाच्या उगमाचं वर्णन झालं. दुसरं माप तीव्रता, म्हणजे एखाद्या ठिकाणची जमीन, तिथली घरं आणि माणसं यांच्या वाट्याला काय आलं. मॅग्निट्यूड एका भूकंपाला एक. तीव्रता गावोगाव वेगळी.

"म्हणजे माझंच बरोबर," मामा म्हणाले.

"प्रश्न बरोबर, मामा. पण तीव्रता मोजायची जुनी रीत ऐकाल तर तुम्हीच नाही म्हणाल. त्यात यंत्र नाही की एकक नाही. लोकांना विचारायचं, काय वाटलं?"

रीत खरंच तशी होती. १८८० च्या दशकात इटलीचे डी रॉसी आणि स्वित्झर्लंडचे फोरेल यांनी मिळून दहा पायऱ्यांची श्रेणी केली. १९०२ मध्ये ज्युसेप्पे मेर्काल्ली या इटालियन धर्मगुरूने आणि ज्वालामुखी-अभ्यासकाने ती सुधारली, पुढे तिच्या बारा पायऱ्या झाल्या आणि १९३१ मध्ये वुड आणि नॉयमन यांनी अमेरिकेतल्या बांधकामांना जुळेल असं तिचं रूप तयार केलं. खालच्या पायऱ्या माणसांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या आहेत. तिसरीवर टांगलेल्या वस्तू किंचित झुलतात. चौथीवर तावदानं आणि ताटवाट्या वाजतात. पाचवीवर झोपलेले उठतात, छोट्या वस्तू कलंडतात. सहावीला जड सामान सरकतं, गिलावा पडतो. तिथून वर माणसाच्या भावनेला फारसं स्थान नाही, पुढचं सगळं भिंती सांगतात.

"यात मोजमाप कुठं आहे?" भाचीने विचारलं. "घाबरट माणूस चौथीला सहावी म्हणेल. दहाव्या मजल्यावरच्याला जे जाणवतं ते तळमजल्यावरच्याला जाणवत नाही. वर्षभराने विचारा, प्रत्येकाचा भूकंप वाढलेला असतो."

मामा गप्प राहिले नाहीत. "एकाला विचारून पंचनामा होत नाही, बाई. पंच लागतात. आणि भिंत खोटं बोलत नाही."

या ठिकाणी मामांची बाजू त्यांना स्वतःला वाटते त्याहून भक्कम आहे. भारतात दीर्घकाळ वापरात असलेली श्रेणी १९६४ ची. सोव्हिएत संघाचे मेदवेदेव, पूर्व जर्मनीचे श्पॉनहॉयर आणि चेकोस्लोव्हाकियाचे कार्निक यांच्या आद्याक्षरांवरून तिला एमएसके म्हणतात. ती पंचनाम्यासारखीच काटेकोर आहे. आधी घरांची वर्गवारी करायची. ओबडधोबड दगडांची आणि मातीची साधी घरं अ वर्गात, भाजक्या विटांची ब वर्गात, सळईच्या काँक्रीटची आणि नीट सांधलेली लाकडी घरं क वर्गात. मग नुकसानीच्या पाच प्रती: बारीक चिरेपासून पूर्ण कोसळण्यापर्यंत. आणि किती घरं, तेही ठरलेलं: 'थोडी' म्हणजे सुमारे ५ टक्के, 'बरीच' म्हणजे निम्मी, 'बहुतेक' म्हणजे तीन चतुर्थांश. अ वर्गातली बहुतेक घरं चौथ्या प्रतीपर्यंत गेली, म्हणजे भिंतींना खिंडारं पडली, घराचा काही भाग ढासळला, तर आठवी पायरी. त्याच वर्गातली निम्मी घरं पुरती जमीनदोस्त झाली तर नववी.

"हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर!" मामा म्हणाले. "आमच्या नमुन्यात दोनच रकाने होते. पूर्ण पडझड, अंशतः पडझड. घर कशाचं होतं, हे मदतीसाठी लागत नव्हतं म्हणून कोणी लिहिलंच नाही."

औसा तालुक्यातल्या किल्लारीचं नाव अजून कोणी उच्चारलं नव्हतं, पण बोलणं तिथंच पोचलं होतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती आणि दमलेली गावं गाढ झोपेत होती. मॅग्निट्यूड ६.२. जगात दर वर्षी या मापाचे शंभरावर भूकंप होतात आणि त्यांतले बरेच समुद्रात किंवा ओसाड भागात विरून जातात. इथे सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. भूकंपाचा उगम उथळ होता, हे एक कारण. दुसरं कारण त्या भागातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर होतं. माळवदाची घरं. दोन-अडीच फूट आणि कुठेकुठे त्याहून जाड दगडी भिंती, दोन्ही अंगांना दगडाचे थर आणि मधे मातीदगडांची भर, सांधायला चिखल. वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर उन्हाला आडवा म्हणून घातलेला मातीचा थर, तोही हात-दीड हाताचा. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात असं घर गार राहतं. पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून ते घडलेलं होतं. त्या पहाटे भिंतींचे दोन थर एकमेकांपासून फुटून सुटले आणि माती खाली आली.

"खण होते ना, लाकडाचे खांब-तुळया," मामा सांगत होते. "काही घरांत भिंत गेली आणि लाकडी सांगाडा तसाच उभा. कुडाच्या, पाचटाच्या झोपडीला काही झालं नव्हतं. वाडेवाले गेले आणि झोपडीवाले राहिले, असं लोक म्हणायचे."

"आणि लिंटेल पट्टा असलेलं ते एक घर?"

मामांना ते माहीत नव्हतं. भाचीच्या विषयात मात्र ते घर सगळ्यांना ठाऊक आहे. किल्लारीत तीव्रता नऊ नोंदली गेली, जवळपास सगळी दगडी घरं अर्धी किंवा पूर्ण पडली आणि त्याच गावात एक दगडविटांची इमारत जवळजवळ न तडकता उभी राहिली. तिच्या दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा होता. कानपूरच्या आयआयटीने बांधकामाच्या सोप्या धड्यांची जी पत्रकं काढली, त्यांत हे उदाहरण आहे.

"म्हणूनच मी म्हणते," भाची म्हणाली. "जमीन तीच, गाव तेच, हादराही तोच. एका घराचा निकाल नऊ म्हणतो, दुसऱ्याचा सहा. मग जमीन किती हलली? आणि सगळं गाव अ वर्गाचंच असेल तर अडचण आणखी मोठी. सगळी घरं पडली की त्याच्या पुढे मोजायला काही उरत नाही. नऊ होती की दहा, हे तुमच्या भिंती सांगूच शकत नाहीत. तिथं यंत्र हवं होतं."

यंत्र नव्हतं, हे खरं आहे. किल्लारीच्या जवळपास मोठ्या हादऱ्याची नोंद घेणारं एकही त्वरणमापक नव्हतं. मुख्य धक्क्याच्या वेळी तिथली जमीन नेमकी किती जोराने हलली, हे पुढे उलथलेल्या वस्तूंवरून आणि पडलेल्या भिंतींवरून मागाहून काढावं लागलं. म्हणजे पंचनाम्यावरूनच. गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांशाच्या, ०.२ 'जी'च्या आसपासचा अंदाज आला.

सव्वीस वर्षं आधी कोयनेत मात्र यंत्र होतं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ६.३ मॅग्निट्यूड, सुमारे १८० मृत्यू, कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त. १०३ मीटर उंच धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने धरणाच्या अक्षाला समांतर दिशेने ०.६३ जी इतकं कमाल त्वरण टिपलं. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. हा आलेख जगभरच्या धरण-अभियंत्यांनी इतक्या वेळा वापरला आहे की सह्याद्रीतलं हे गाव त्यांच्या गणितांत कायमचं जाऊन बसलं. आता ही जोड पाहा. कॅलिफोर्नियातल्या भूकंपांवरून १९९९ मध्ये डेव्हिड वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी तीव्रतेची पायरी आणि त्वरण यांची सांगड घालणारं जे कोष्टक मांडलं, त्यात सहाव्या पायरीला साधारण ०.०९ ते ०.१८ जी, सातवीला ०.३४ पर्यंत, आठवीला ०.६५ पर्यंत. कोयनेचं ०.६३ आठव्या पायरीत बसतं. लोकांच्या आणि घरांच्या साक्षीवरून कोयनानगरला दिलेली तीव्रताही आठच होती.

"जुळलं!" मामा म्हणाले.

"तिथं जुळलं."

भाची प्रामाणिक होती, म्हणून तिने जिथं जुळलं नाही तेही सांगितलं. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, मॅग्निट्यूड ७.७. सव्वादोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत एका इमारतीच्या तळाशी त्वरणमापक होतं. त्याने सुमारे ०.११ जी नोंदवलं. कोष्टकात पाहिलं तर सहावी पायरी: गिलावा पडावा, कपाट सरकावं. त्या दिवशी अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला, वरचा सगळा भार नुसत्या खांबांवर, खाली नदीच्या गाळाची जाड जमीन. दुरून येणाऱ्या संथ लाटा उंच इमारतींना अधिक झुलवतात. कमाल त्वरणाच्या एका आकड्यात हे संथ झुलणं पकडलं जात नाही. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ ला हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. भूकंप साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याशी. शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर. गाळ दोन सेकंदांच्या ठेक्याने हलत राहिला आणि तोच ठेका असलेल्या मध्यम उंचीच्या इमारती पडल्या. शेजारची बैठी घरं टिकली.

उलटही घडतं. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात कुरिहारा शहरातल्या यंत्राने २.७ जीहून जास्त त्वरण टिपलं आणि शहराला 'शिंदो' या जपानी श्रेणीतली सर्वोच्च सातवी पायरी मिळाली. यंत्राभोवती कोसळलेली घरं मात्र फारच थोडी. हादरे इतक्या जलद थरथरीचे होते की घराने लवण्याआधीच त्यांची दिशा पालटत होती.

"म्हणजे यंत्रही फसतं," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता.

"यंत्र फसत नाही. यंत्राच्या आलेखातून आपण एकच आकडा उचलतो, तो अपुरा पडतो. किती वेळ हललं, कोणत्या ठेक्याने हललं, वेग किती होता, हे सगळं त्या आलेखात असतंच. तुमच्या पंचनाम्यात ते कुठून आणणार?"

आणि मग तिने तिचा सगळ्यात जड मुद्दा काढला. वेळेचा.

जपानच्या हवामान खात्यात अनेक दशकं शिंदो माणसंच ठरवत. वेधशाळेतला कर्मचारी हादरा अंगावर घेई, आजूबाजूला पाही आणि पायरी कळवी. सातवी पायरी १९४८ च्या फुकुई भूकंपानंतर, १९४९ मध्ये जोडली गेली. ती प्रत्यक्ष पाहणी करूनच द्यायची असा नेम होता. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबे शहर कोसळलं. साडेसहा हजारांच्या जवळपास माणसं मेली. शहराच्या कोणत्या पट्ट्यात सातवी पायरी गाठली गेली, हे पाहणी होऊन जाहीर व्हायला दिवस लागले, आणि ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. १९९६ मध्ये जपानने माणसाला या कामातून पूर्ण काढलं. शिंदो यंत्रं मोजू लागली, पाचवी आणि सहावी पायरी प्रत्येकी दोन भागांत विभागली गेली. आज तिथे चार हजारांहून जास्त ठिकाणांची तीव्रता भूकंपानंतर काही मिनिटांत दूरदर्शनवर झळकते, आणि कुठल्या गावाकडे आधी धावायचं ते अग्निशमन दलाला कळतं.

"किल्लारीत पहिला अधिकारी पोचेपर्यंत कोणालाही माहीत नव्हतं की नुकसान किती गावांत आहे," भाची म्हणाली. "तुमचे पंचनामे नंतरचे, मामा. फार नंतरचे."

याला उत्तर नव्हतं. आणि या एका मुद्द्यावर भाचीचं म्हणणं पूर्ण मान्य करायला हवं. वाचवण्याच्या घाईत साक्षी गोळा करत बसणं परवडत नाही.

मामा दुसरीकडून आले. "तुझी यंत्रं किती वर्षांची? शंभर? त्याच्या आधीचे भूकंप कोणी मोजले?"

माणसांनीच मोजले. १८५७ मध्ये नेपल्सजवळ भूकंप झाला तेव्हा आयर्लंडचे अभियंता रॉबर्ट मॅलेट गावोगाव फिरून भिंतींच्या चिरांच्या दिशा मोजत राहिले. आसामचा १८९७ चा महाभूकंप आर. डी. ओल्डहॅम यांनी पत्रं, पाहणी आणि पडझडीच्या नोंदींतून उभा केला. त्या अहवालाशिवाय आजही ईशान्य भारताच्या धोक्याचा विचार सुरू होत नाही. कच्छचा १८१९ चा भूकंप तर किल्ल्यांच्या आणि नव्याने वर आलेल्या अल्लाबंद नावाच्या मातीच्या लांबच लांब उंचवट्याच्या वर्णनांतूनच कळतो. शतकांपूर्वीच्या या घटना आजच्यांशेजारी ठेवायच्या तर तीव्रता हीच एक सामाईक भाषा आहे.

"मग लातूर पहिल्या विभागात का होतं?" भाचीने शांतपणे विचारलं.

१९९३ मधल्या भूकंप-धोक्याच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, म्हणून धोका नाही असं धरलं गेलं. भूकंपानंतर २००२ मध्ये बांधकामाच्या भारतीय मानकात पहिला विभागच उरला नाही, आणि लातूर-उस्मानाबादचा पट्टा तिसऱ्या विभागात गेला, जिथे तीव्रता सातपर्यंत जाऊ शकते असं धरून घरं बांधायची ठरली. माणसाची आठवण दोन-तीनशे वर्षं पुरते. दख्खनच्या पठारातल्या भेगा त्याहून फार लांबच्या अंतराने जाग्या होत असाव्यात. किल्लारीपासून जवळच तेर आहे, प्राचीन तगर. तिथल्या जुन्या बांधकामांतल्या आणि मातीच्या थरांतल्या विरूपणावरून काही भूशास्त्रज्ञांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाची शक्यता मांडली आहे.

"तू म्हणतेस नोंद नव्हती," मामा म्हणाले. "होती. ब्याण्णव साली किल्लारीत धक्के बसत होते. लोक घराबाहेर झोपत होते, ओरडून सांगत होते. ते ऐकायला लागतं."

भाचीने मान हलवली. हेही मान्य करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या भागात शंभरावर छोटे धक्के बसले होते, त्या ऑक्टोबरात एक चांगला जाणवण्याजोगा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने १९९९ च्या सुमारास 'डिड यू फील इट' नावाची प्रश्नावली इंटरनेटवर ठेवली, तिच्यामागे लोकांचं ऐकायला हवं, हाच विश्वास आहे. तुम्ही कुठे होता, काय हललं, काय पडलं, पळावंसं वाटलं का. एकेका वस्तीतली उत्तरं एकत्र करून सरासरी काढली जाते. एकट्याचं उत्तर कच्चं असतं, शेकडोंची सरासरी यंत्राच्या आकड्याजवळ येते, आणि जिथे यंत्र नाही तिथे हीच उत्तरं नकाशा भरतात.

"मग नांदेडची उत्तरं भर," मामा म्हणाले. "पण लातूरकडे गेलीस तर तिथली घरं आधी बघ."

किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी उठवून बसवली गेली. पट्टे असलेल्या भिंती, हलकी छपरं. १९९३ इतकाच हादरा उद्या तिथे आला तर बहुतेक घरं उभी राहावीत, आणि कोणी नुसती पडझड मोजून श्रेणी लावली तर आकडा सहा-सातवर थांबेल. घराच्या मजबुतीचा हिशोब न करता लावलेली तीव्रता अशा गावात जमिनीबद्दल काहीच सांगत नाही. युरोपने १९९८ च्या श्रेणीत घरांचे सहा वर्ग यासाठीच केले: मजबूत वर्गातल्या घराला पडलेली चीर आणि कच्च्या वर्गातलं पडलेलं घर एकाच पायरीचे पुरावे ठरू शकतात.

"नवी गावं पाहिलीत का तुम्ही अलीकडे?" भाचीने विचारलं.

"पाहिली ना. घर सरकारने दिलं, पुढे कुटुंब वाढलं. मग कोणी मागे खोली काढली, कोणी पुढे पडवी. जुन्या गावठाणातून दगड आणले, चिखलात बसवले. मुख्य घराला पट्टा आहे, खोलीला नाही. रात्री झोपायला मुलं त्याच खोलीत."

"मग त्या घराचा वर्ग कोणता लिहायचा?"

"दोन वर्ग लिही," मामा म्हणाले. "घराचा वेगळा, खोलीचा वेगळा. आणि ग्रामपंचायतीला सांग, ती खोली बांधायच्या आधीच कोणीतरी येऊन बघावी. तुझं ते यंत्रही बसव शाळेत, मी नाही म्हणत नाही."

भाचीने वही उघडली आणि दोन रकाने आखले.